वर्डमध्ये आपोआप अनुक्रमांक: ‘सेक’ फील्डची युक्ती

वर्डची नेहमीची आकड्यांची यादी परिच्छेदाच्या सुरुवातीलाच क्रमांक देते. पण करारात ‘परिशिष्ट ३’ वाक्याच्या मधोमध येतं, किंवा एकाच ओळीत दोन क्रमांक हवे असतात. अशा जागी आकडे हाताने टाकू नका. मधलं एक कलम काढलं, की पुढचे सगळे आकडे बदलत बसावं लागतं. तिथे ‘सेक’ फील्ड वापरा, म्हणजे क्रमांक मोजून दाखवणारा छोटा कोड.

क्रमांक हवा तिथे कर्सर ठेवा आणि कंट्रोलसोबत एफ९ दाबा. करड्या रंगात महिरपी कंसांची जोडी दिसेल. हे कंस कीबोर्डवरून टाइप केले तर चालत नाहीत, वर्ड त्यांना साधा मजकूर समजतो. लॅपटॉपवर एफएन हे बटणही सोबत दाबावं लागू शकतं. आता कंसांत एस, ई, क्यू ही अक्षरं, मग स्पेस आणि मालिकेचं नाव इंग्रजी अक्षरांत लिहा, समजा ‘कलम’. एफ९ दाबलं की कोडच्या जागी १ येतो. पुढच्या जागी हेच फील्ड कॉपी-पेस्ट करून एफ९ दाबा, २ येईल. आकृत्यांसाठी दुसरं नाव दिलंत, तर त्यांची मोजणी वेगळी चालते.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा: हे आकडे लगेच बदलत नाहीत. तिसऱ्या आणि चौथ्या कलमाच्या मध्ये नवं कलम घालून एफ९ दाबलं, तर नव्यावर ४ येतो आणि जुन्यावरही ४ तसाच राहतो. कंट्रोल-ए करून सगळा मजकूर निवडा आणि एफ९ दाबा, म्हणजे जुना चौथा पाचवा होतो.

‘कलम ४ पाहा’ असा उल्लेख करायचा असेल, तर या पद्धतीचा खरा फायदा कळतो. चौथ्या कलमाचा आकडा निवडून त्याला बुकमार्क करा, म्हणजे त्या जागेला एक नाव द्या. उल्लेखाच्या जागी पुन्हा कंट्रोल-एफ९ दाबून आर, ई, एफ, मग स्पेस आणि बुकमार्कचं नाव लिहा आणि एफ९ दाबा. उल्लेख कलमाच्या आधी येत असेल, तर एफ९ दोनदा दाबा; पहिल्या वेळी त्याला जुनाच आकडा मिळतो.

नव्या प्रकरणात मोजणी पुन्हा १ पासून हवी? कोडमध्ये नावापुढे स्पेस, उलटी तिरकी रेघ, आर, स्पेस आणि १ लिहा. कोड दिसत नसेल तर ऑल्ट-एफ९ दाबा. तेच पुन्हा दाबलं की आकडे परत येतात.

छपाईआधी फील्ड अपडेट करण्याचा पर्याय वर्डच्या ऑप्शन्समध्ये, डिस्प्ले विभागात आहे. तिथे टिक करून ठेवा.