पेबल बीच: सातवं आणि आठवं होल कसं खेळावं

पेबल बीच या कॅलिफोर्नियातल्या गोल्फ मैदानाचं सातवं होल जेमतेम १०६ यार्डांचं, पण यार्डेज बुकपेक्षा (अंतरांच्या वहीपेक्षा) झेंड्याकडे बघा. वारा तोंडावर असला की मी वेज (चेंडू उंच उडवणारी काठी) बॅगेतच ठेवते. लांब पल्ल्याचं आयर्न (चेंडू खालून नेणारी काठी), अर्धा स्विंग, चेंडू वाऱ्याखालून. ग्रीन (झेंड्याभोवतीची बारीक कापलेली हिरवळ) चुकलं तरी हातपाय गाळू नका. १९९२च्या गोल्फच्या यूएस ओपनमध्ये टॉम काइटने इथेच चिप (जवळून मारलेला छोटा फटका) थेट होलमध्ये घातली आणि स्पर्धाही जिंकली.

आठव्याला टी-शॉट (पहिला फटका) चढावर, पुढचं काहीच दिसत नाही. ड्रायव्हरचा (सर्वात लांब मारणाऱ्या काठीचा) मोह आवरा, फेअरवे (मधली कापलेल्या गवताची पट्टी) कड्यापाशी संपतो. दुसरा फटका थेट दरीपलीकडे, इवल्याशा ग्रीनवर. पिनच्या (झेंड्याच्या) खालीच राहा. वरून पट (ग्रीनवरचा हलका फटका) मारणं म्हणजे शिक्षाच. उजवीकडे समुद्र, तिकडे गेलेल्या चेंडूला रामराम. अठराव्याला मात्र तोच समुद्र डावीकडे येतो.