स्वयंसेवकांच्या बळावर सामुदायिक केंद्र कसे चालवावे

परिसरातल्या लहानथोरांसाठी केंद्र सुरू करायचे ठरले की पहिल्या बैठकीत जागा आणि पैसा या दोनच विषयांवर तासन्‌तास चर्चा होते. दोन्ही लागतातच. परंतु पगारी नोकर नसलेल्या केंद्रापुढचा पहिला प्रश्न त्याहून साधा आणि तरीही अवघड असतो: जाहीर केलेल्या दिवशी, जाहीर केलेल्या वेळी दार कोण उघडणार, आणि त्या व्यक्तीला ऐनवेळी अडचण आली तर तिच्या जागी कोण येणार? काठी टेकत आलेल्या आजोबांना किंवा कडेवर मूल घेऊन आलेल्या आईला दाराला कुलूप दिसले, तर एखाद्या वेळी ती माणसे समजून घेतील. दुसऱ्यांदा असे झाले तर ती पुन्हा फिरकणार नाहीत आणि त्याचे कारणही कोणाला सांगणार नाहीत. म्हणून पुढच्या बहुतेक सूचना फिरून एकाच गोष्टीकडे येतात: केंद्रातले कोणतेही काम एकाच माणसावर अवलंबून राहू नये.

आधी विचारा, मग ठरवा

या प्रकारच्या केंद्रांची परंपरा जुनी आहे. सॅम्युएल आणि हेन्रिएटा बार्नेट या दांपत्याने १८८४ मध्ये लंडनच्या पूर्व भागात टॉयन्बी हॉल सुरू केला, आणि तेथून प्रेरणा घेऊन जेन अ‍ॅडम्स आणि एलन गेट्स स्टार यांनी १८८९ मध्ये शिकागोत हल हाऊस उभे केले. हल हाऊसमध्ये बालवर्ग, वाचनालय, व्यायामशाळा, प्रौढांचे वर्ग असे उपक्रम एकाच छताखाली चालत. तेथे राहून काम करणाऱ्यांनी आसपासच्या वस्तीत घरोघर गोळा केलेली माहिती नकाशांच्या रूपाने १८९५ मध्ये प्रसिद्धही केली. आज नकाशे काढण्याची गरज नसली, तरी दारोदार जाऊन बोलण्याला पर्याय नाही.

मात्र विचारताना प्रश्न नेमका हवा. ‘केंद्रात काय असावे असे वाटते?’ असे विचारले तर सौजन्यापोटी सगळेच सगळ्याला होकार देतात आणि यादी लांबत जाते. त्याऐवजी ‘गेल्या आठवड्यात दुपारी तुम्ही कुठे होता?’, ‘मुलांना सांभाळायला कोणी नसते अशी वेळ कोणती?’, ‘येथपर्यंत चालत येणे जमेल का?’ असे रोजच्या जगण्याचे प्रश्न विचारावेत. शेवटी ‘आठवड्यातून दोन तास तुम्ही स्वतः देऊ शकाल का?’ हेही प्रत्येकाला विचारावे, अगदी मदत घेण्यासाठीच येतील असे वाटणाऱ्यांनाही. वयस्क माणसांना आणि किशोरवयीन मुलांना हा प्रश्न सहसा कोणी विचारतच नाही, आणि नेमकी तीच मंडळी पुढे सर्वांत नियमित ठरू शकतात.

वेळापत्रक आणि जागेचे वाटप

सुरुवातीला आठवडाभर केंद्र उघडे ठेवण्याचा मोह टाळावा. आठवड्यातून तीन दिवस, ठरावीक तास, पण ते तास न चुकता, हे सात दिवसांच्या अनिश्चित वेळांपेक्षा कितीतरी चांगले. वयोगटांच्या सोयीच्या वेळा बहुधा एकमेकांना पूरक असतात: सकाळी ज्येष्ठ, दुपारच्या आधी लहान मुले आणि त्यांचे पालक, शाळा सुटल्यावर विद्यार्थी, संध्याकाळी नोकरदार. त्यामुळे एकच दालन दिवसभर उपयोगात आणता येते. दोन उपक्रमांच्या मध्ये किमान अर्धा तास मोकळा ठेवावा, कारण खुर्च्या हलवणे, झाडणे आणि आधीच्या मंडळींचा निरोप घेणे यांत तेवढा वेळ जातोच.

वेळापत्रक वयांच्या कप्प्यांतच विभागले, तर मात्र केंद्र म्हणजे वेगवेगळ्या गटांना आळीपाळीने मिळणारी खोली एवढेच उरते. आठवड्यातून एक वेळ अशी राखावी की जिला कोणत्याही वयाची अट नाही: दुरुस्तीचे टेबल, पुस्तकांची देवघेव, बैठे खेळ, एकत्र वाचन. या वेळेत मुले मोठ्यांना मोबाइलमधल्या अडचणी सोडवून देतात आणि मोठी माणसे मुलांना बटण लावायला शिकवतात, त्यासाठी वेगळा कार्यक्रम आखावा लागत नाही.

जागेवरून सर्वांत जास्त वाद होतात ते दालनावरून नव्हे, तर कपाटांवरून. प्रत्येक गटाला आपले सामान केंद्रातच ठेवायचे असते, आणि वर्षभरात कोणाचे काय आहे हे कोणालाच सांगता येत नाही. प्रत्येक गटाला एकच मर्यादित कप्पा, त्यावर नाव आणि सांभाळणाऱ्याचा संपर्क, आणि दर सहा महिन्यांनी सगळे कप्पे उघडून पाहण्याचा एक दिवस, हा नियम पहिल्या दिवसापासूनच लावावा. नंतर लावायला गेल्यास तो कोणाच्या तरी विरुद्ध आहे असे वाटते.

एका पाळीचे काम

केंद्र चालते म्हणजे नेमके काय होते, हे एका पाळीकडे बारकाईने पाहिल्यावर कळते. पाळीवरचे दोन कार्यकर्ते उपक्रमाच्या वीस मिनिटे आधी येतात. एक जण दिवे आणि खिडक्या उघडतो, स्वच्छतागृहात पाणी आणि साबण आहे का ते पाहतो, आणि आपत्कालीन दाराची कडी आतून सहज सरकते ना, त्याच्यासमोर कोणी खुर्च्या रचून ठेवल्या नाहीत ना, हे हाताने तपासतो. दुसरा त्या वेळात नोंदवही उघडून आधीच्या पाळीची नोंद वाचतो. ‘मागच्या खोलीतला नळ गळतो, खाली बादली ठेवली आहे, दुरुस्तीसाठी अजून कोणाला कळवलेले नाही’ अशी एक ओळ असली, तर पुढच्याला काय करायचे ते लगेच समजते. ‘नळ खराब’ एवढेच लिहिले असेल, तर तीन पाळ्या तो नळ तसाच गळत राहतो, कारण प्रत्येकाला वाटते की कोणीतरी कळवले असेल. म्हणून नोंदीत काय आढळले, आपण काय केले आणि काय करायचे राहिले, या तीनही गोष्टी असाव्यात आणि खाली नाव असावे.

पाळीवर दोघे असण्याचा आग्रह कधीही सोडू नये. एकटा माणूस दारावर लक्ष ठेवू शकत नाही आणि कोणाला बरे वाटेनासे झाले तर धावपळही करू शकत नाही. दोघे मिळत नसतील तर पाळ्या कमी कराव्यात. याशिवाय प्रत्येक दिवसासाठी एक राखीव कार्यकर्ता ठरलेला असावा, आणि येणे जमणार नसेल त्याने थेट त्या राखीव व्यक्तीला कळवावे. ‘गटावर संदेश टाकला होता’ ही सबब चालू देऊ नये. समोरून होकार आल्याशिवाय पाळी बदलली असे समजायचे नाही. किल्ल्या किमान तिघांकडे असाव्यात, कोणती कोणाकडे आहे याची लेखी नोंद असावी आणि किल्ली हातोहात देताना सही घ्यावी.

माणसे मिळवणे आणि टिकवणे

‘मदतनीस हवेत’ अशा आवाहनाला फारसे कोणी उत्तर देत नाही. ‘मंगळवारी संध्याकाळी सहा ते आठ, मुलांच्या वाचनवर्गात नावे लिहून घेण्यासाठी, तीन महिन्यांसाठी एक व्यक्ती हवी’ असे म्हटले तर वाचणाऱ्याला आपले उत्तर ठरवता येते. मुदत सांगणे फार महत्त्वाचे. काम कधी संपणार हे माहीत असले की माणूस निःशंक मनाने होकार देतो, आणि मुदत संपल्यावर त्याला सन्मानाने बाजूला होता येते. प्रत्येक नव्या कार्यकर्त्याने पहिल्या दोन पाळ्या अनुभवी व्यक्तीबरोबर कराव्यात. प्रवास किंवा साहित्यासाठी झालेला खर्च पावती घेऊन लगेच परत द्यावा. वेळ देणाऱ्याच्या खिशालाही झळ बसू लागली, तर ज्यांना परवडते तेवढेच कार्यकर्ते उरतात आणि केंद्र सर्वांचे राहत नाही.

जो सगळ्यात जास्त राबतो त्याच्याकडे विशेष लक्ष द्यावे. त्याची पाठ थोपटणे पुरेसे नाही, त्याच्या डोक्यावरचे एखादे काम खरोखर उतरवावे लागते. अशा व्यक्तीला आपल्याशिवाय चालणार नाही असे वाटू लागते आणि इतरांनाही ते सोयीचे असते, परंतु त्यात त्या माणसाचीही हानी आहे आणि केंद्राचीही.

समिती आणि पैसा

समिती पाच ते नऊ जणांची असावी, त्यात वेगवेगळ्या वयांची माणसे असावीत, आणि पदांची मुदत व गणपूर्ती (बैठक वैध ठरण्यासाठी लागणारी किमान हजेरी) संस्थेच्या घटनेत, म्हणजे तिच्या लेखी नियमावलीत, लिहिलेली असावी. संस्थेची नोंदणी, विमा आणि परवाने यांचे नियम प्रत्येक ठिकाणी निराळे असल्याने ते स्थानिक जाणकाराकडून समजून घ्यावेत. सार्वजनिक दायित्वाचा विमा, म्हणजे केंद्रात आलेल्या कोणाला इजा किंवा नुकसान झाल्यास भरपाईसाठी उपयोगी पडणारा विमा, असल्याशिवाय मात्र दार उघडू नये.

पैशांच्या बाबतीत विश्वास आणि पद्धत यांची गल्लत करू नये. बँक खात्यावर दोन सह्या, प्रत्येक जमेला पावती, रोख रक्कम दोघांनी मिळून मोजणे आणि दर महिन्याचा जमाखर्च सूचनाफलकावर लावणे, हे सारे खजिनदारावर संशय म्हणून नसते. उद्या कोणी शंका घेतलीच तर खजिनदाराच्या मदतीला तेच येते. तीन ते सहा महिन्यांचा नेहमीचा खर्च भागेल एवढी गंगाजळी हळूहळू साठवावी. एकाच देणगीदारावर सगळा भार असेल तर त्याने हात आखडता घेताच केंद्र अडचणीत येते, त्यामुळे लहान लहान वर्गण्या आणि दालनाचे भाडे यांची जोड असावी.

सुरक्षितता आणि प्रवेश

मुले येतात तेथे नियम कडक आणि सर्वांना सारखे असावेत. बंद दाराआड कोणताही प्रौढ एकट्या मुलाबरोबर असू नये, मग तो कितीही परिचित असो. मुलांबरोबर काम करणाऱ्यांची पूर्वपडताळणी करावी, आणि मुलाला घरी कोण नेणार हे पालकांकडून आधीच लिहून घ्यावे. गैरवर्तनाची तक्रार आली, तर समितीने स्वतः चौकशी करत बसू नये. ऐकलेले शब्द जसेच्या तसे लिहून ठेवावेत आणि त्याच दिवशी संबंधित यंत्रणेला कळवावे. केंद्राच्या नावाला धक्का बसेल या विचाराने गप्प बसणे हा त्या मुलावर अन्याय आहे.

प्रत्येक पाळीवर प्रथमोपचार येणारा निदान एक जण हवा. हृदयक्रिया थांबलेल्या प्रौढाची छाती मिनिटाला १०० ते १२० या गतीने, किमान ५ सेंटिमीटर खोल दाबायची असते, आणि ते वाचून नव्हे, पुतळ्यावर सराव करूनच जमते. विजेच्या उपकरणाला लागलेल्या आगीवर पाणी टाकायचे नाही, हेही प्रत्येकाला माहीत असावे.

प्रवेशद्वारात पायरी असेल तर उतार बांधावा. सर्वसाधारणपणे प्रत्येक १ सेंटिमीटर उंचीला १२ सेंटिमीटर लांबी धरतात, आणि चाकाची खुर्ची वळवायला सुमारे दीड मीटर व्यासाची मोकळी जागा लागते. सूचनाफलकावरची अक्षरे मोठी आणि ठळक ठेवावीत.

नियम आणि वाद

सामाईक संसाधने लोक स्वतः कशी सांभाळतात याचा अभ्यास करणाऱ्या आणि २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी दाखवून दिले की असे व्यवहार दीर्घकाळ टिकतात तेथे नियम ठरवण्यात वापरणाऱ्यांचा सहभाग असतो, चुकीला पायरीपायरीने वाढत जाणारी शिक्षा असते आणि तंटा सोडवण्याची स्वस्त, जवळची सोय असते. केंद्राला हे तंतोतंत लागू पडते. दालन अस्वच्छ सोडणाऱ्या गटाला प्रथम तोंडी आठवण द्यावी, मग लेखी, आणि त्यानंतर एखादा आठवडा जागा नाकारावी. हीच पायरी समितीच्या सदस्याच्या गटालाही लागू व्हावी, कारण लोक नेमके तेच पाहत असतात.

जबाबदारी सोपवताना

प्रत्येक पदाधिकाऱ्याने आपल्या कामाचे टिपण लिहून ठेवावे: कोणते काम कोणत्या महिन्यात येते, कागद कोठे आहेत, कोणाशी बोलावे लागते. पासवर्ड एकाच्या मोबाइलमध्ये न ठेवता दोघांना उघडता येतील असे सुरक्षित ठेवावेत, आणि पदाधिकारी बदलताच बँकेतल्या सह्या बदलाव्यात. हे टिपण पुरेसे आहे की नाही हे पाहण्यासाठी वर्षातून एकदा प्रत्येकाने ठरवून पंधरा दिवस आपले काम पूर्णपणे सहकाऱ्याकडे द्यावे आणि त्या काळात मध्ये पडू नये. सहकाऱ्याला ज्या ज्या वेळी फोन करून विचारावेसे वाटले, ते ते प्रश्न त्याने लिहून ठेवावेत आणि त्यांची उत्तरे टिपणात भरावीत.