गावात कर वसूल करणाऱ्याचे वेतन कसे तपासावे

शेतसारा आणि घरपट्टी गोळा करणारी माणसे वेगळी असतात व त्यांचे पगारही वेगवेगळ्या ठिकाणांहून येतात, हे आधी ध्यानात घ्यावे. शेतसारा वसूल करणाऱ्या तलाठ्याला, ज्याचे पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी असे झाले आहे, राज्य शासनाचे वेतन मिळते आणि त्याच्या हाताखालील कोतवालाला, ज्याला आता महसूल सेवक म्हणतात, मानधन मिळते. ग्रामसेवक, ज्याचे पदनाम आता ग्रामपंचायत अधिकारी असे झाले आहे, जिल्हा परिषदेचा कर्मचारी असतो. खरी गुंतागुंत आहे ती दारोदार फिरून घरपट्टी व पाणीपट्टी मागणाऱ्या ग्रामपंचायतीच्या वसुली कारकुनाच्या आणि शिपायाच्या वेतनात.

नागपूर-भंडाऱ्याकडे एके काळी मालगुजार सारा गोळा करून त्यातील वाटा स्वतःकडे ठेवीत असत. ती पद्धत 1951 मध्ये संपली. आजच्या वसुली कारकुनाला किमान वेतन लागू आहे. त्यातील ठरलेला हिस्सा शासन अनुदान म्हणून देते आणि उरलेला भार ग्रामपंचायतीने स्वनिधीतून, म्हणजे स्वतःच्या उत्पन्नातून, उचलायचा असतो. किमान वेतनासोबत महागाईपोटी मिळणाऱ्या राहणीमान भत्त्याचे दर सहामाही बदलतात, त्यामुळे जानेवारी आणि जुलैनंतरचे देयक आधीच्या देयकाशी ताडून पाहावे.

तपासणीची सुरुवात दप्तरापासून करावी. ग्रामपंचायतीच्या नोंदवह्यांना नमुना क्रमांक असतात; कर्मचाऱ्याचे नाव व वेतनश्रेणी नमुना 13 मध्ये, तर प्रत्यक्ष दिलेल्या वेतनाची नोंद नमुना 21 मध्ये असते. या दोन्ही नोंदी कर्मचाऱ्याच्या बँक पासबुकाशी जुळवाव्यात. शासनाचा हिस्सा खात्यात जमा होतो, पण ग्रामपंचायतीचा हिस्सा महिनोन् महिने थकलेला असतो, असे अनेक ठिकाणी आढळते. भविष्य निर्वाह निधीची कपात खरोखर भरली जाते का, हेही विचारावे. कर्मचारी स्वतः हे विचारायला कचरतो, म्हणून ग्रामपंचायत सदस्यांनी विचारणे अधिक योग्य.

यानंतर नमुना 9, म्हणजे कर मागणी नोंदवही, उघडावी, कारण शासनाने 2020 मध्ये वेतन अनुदान वसुलीच्या टक्केवारीशी जोडले. समजा, चालू मागणी 3 लाख रुपये आहे, मागील बाकी 1 लाख आहे आणि एकूण वसुली 2 लाख 80 हजार झाली. चालू मागणीच्या तुलनेत हा आकडा 93 टक्क्यांवर दिसतो, पण बाकी धरून केवळ 70 टक्के भरतो. पडक्या घरांची किंवा एकाच घराच्या दुबार नोंदीची बाकी वर्षानुवर्षे तशीच पुढे ओढली, तर ज्या पैशाची वसुली होणेच शक्य नाही त्याचा फटका कारकुनाच्या पगाराला बसतो, आणि हे मला उघड अन्यायाचे वाटते. अशा नोंदींची छाननी मासिक सभेत करून घ्यावी.

वसुलीची वेळही महत्त्वाची आहे. कापूस आणि सोयाबीन विकले जाईपर्यंत वऱ्हाडातील शेतकऱ्याच्या हाती पैसा नसतो. म्हणून दिवाळीपासूनच घरोघरी जाणे सुरू ठेवल्यास मार्चअखेरची ओढाताण बरीच कमी होते. कर भरताना नमुना 10 ची पावती प्रत्येकाने मागून घ्यावी आणि तिच्यावरील रकमेपेक्षा एक रुपयाही अधिक देऊ नये. वेतन थकले असल्यास सरपंच व ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज करून पोच घ्यावी, आणि दाद न लागल्यास त्याच अर्जाची प्रत जोडून पंचायत समितीच्या गटविकास अधिकाऱ्यांकडे तक्रार करावी.