सह्याद्रीतल्या भटकंतीसाठी आणीबाणीचं सामान: काय विकत घ्यायचं, काय घरी करायचं

ऑनलाइन मिळणारा ‘सर्व्हायव्हल किट’चा डबा उघडला की आत साधारण हेच निघतं: तारेची करवत, बटणाएवढं होकायंत्र, मासे पकडायचे गळ, पॅराकॉर्डचं (पॅराशूटच्या बारीक नायलॉन दोराचं) कडं, चंदेरी ब्लँकेट, शिट्टी आणि ठिणगी पाडणारी कांडी. हा डबा थंड प्रदेशातल्या जंगलांसाठी जुळवलेला असतो. सह्याद्रीतल्या अडचणी वेगळ्या. पावसात भिजून गारठणं, धुक्यात वाट चुकणं, उतरताना अंधार होणं, पाय मुरगळणं आणि उन्हाळ्यात पाणी संपणं, बहुतेक वेळा गाडी इथेच अडते. त्यात गळाचा काय उपयोग?

म्हणून आधी यादी करा आणि प्रत्येक वस्तूपुढे एकच प्रश्न लिहा: ही ऐनवेळी दगा देऊन गेली तर काय होईल? जीव जाणार असेल तर ती प्रमाणित, कारखान्यात तयार झालेलीच घ्यायची. नुसती गैरसोय होणार असेल तर घरी करायला हरकत नाही. उलट स्वतः केलेली वस्तू दुरुस्त कशी करायची हेही हाताला माहीत असतं.

1. आधी विकतचं

कड्यावर वापरायचा दोर, हार्नेस (कमरेला-मांड्यांना बांधायचे पट्टे), कॅराबिनर (दोर अडकवायची, उघडझाप होणारी धातूची कडी) यांत जुगाड नाही. कॅराबिनरवर किलोन्यूटनमध्ये (बल मोजायच्या एककात) ताकद कोरलेली असते आणि सोबत यूआयएए (आंतरराष्ट्रीय गिर्यारोहण महासंघ) किंवा ईएन (युरोपीय) मानकाची खूण असते. ती नसेल तर तो किल्ल्या अडकवायचा आकडा समजा. पॅराकॉर्डही चढाईसाठी नाही. त्याच्या नावातलं ‘550’ म्हणजे 550 पौंड, सुमारे 250 किलोचा स्थिर भार. माणूस पडताना बसणारा झटका त्याहून कितीतरी मोठा असतो.

हेडटॉर्च घ्याच. मोबाइलच्या टॉर्चने एक हात अडकतो आणि मदत मागायची बॅटरीही संपते. शिट्टी आत गोळी नसलेली, प्लॅस्टिकची घ्या. गोळीवाली शिट्टी ओली झाली की गोळी चिकटते. संकटाचा इशारा मिनिटाला सहा शिट्ट्या, मग एक मिनिट शांतता, पुन्हा सहा. मिनिटाला तीन शिट्ट्या आल्या तर समजायचं, कोणीतरी ऐकलंय.

पाणी शुद्ध करायच्या क्लोरीनच्या गोळ्याही विकतच्या. बाटली कापून वाळू-कोळशाचा फिल्टर करायचे व्हिडिओ भरपूर आहेत, पण त्यातून आलेलं पाणी दिसायला स्वच्छ असतं, जंतूमुक्त नसतं. टाक्यातलं पाणी जुन्या सुती साडीच्या चार-आठ पदरांतून गाळा, मग पाकिटावरच्या प्रमाणात गोळी टाका आणि अर्धा तास थांबा. गढूळ पाण्यात थेट गोळी टाकली तर क्लोरीन गाळावरच खर्च होतं. उकळणार असाल तर खळखळ उकळी फुटल्यावर एक मिनिट पुरे. तीन मिनिटांचा नियम 2000 मीटरच्या वरचा आहे आणि आपलं कळसूबाई 1646 मीटर.

ओआरएस घरी होतं: एक लिटर पाणी, साखरेचे सहा सपाट चमचे, मिठाचा अर्धा सपाट चमचा (चमचा 5 मिलीचा). पण डोंगरावर चमचा चुकतो आणि मीठ जास्त पडलं तर अपाय होतो. पाकीट स्वस्त आहे, तेच न्या. मात्र ते एक लिटरचं आहे की 200 मिलीचं, हे वाचून घ्या.

2. ताडपत्री: अर्धी विकत, अर्धी हाताने

खरी मेहनत इथे घ्या. तयार ट्रेकिंग टार्प हलका असतो पण महाग. शेतीच्या दुकानात मिळणारं 9 बाय 12 फुटांचं, 90 जीएसएमचं (चौरस मीटरला 90 ग्रॅम) सिलपॉलीन, म्हणजे प्लॅस्टिकची ताडपत्री, सुमारे 900 ग्रॅम भरतं आणि तीन-चार जणांना पुरतं. 200 जीएसएमचं घेऊ नका, तेच माप दोन किलोवर जातं. सोबत 4 मिमीचा दोर 20 मीटर: मधल्या आडव्या दोरासाठी 8 मीटर, कडांना ताण द्यायला 2-2 मीटरचे सहा तुकडे. दोराची कापलेली टोकं मेणबत्तीवर धरून वितळवा, नाहीतर उसवत जातात.

जागा ओढ्याच्या पात्रात नको, दरडीच्या पायथ्याशी नको, एकट्या उंच झाडाखाली तर नकोच.

दोन झाडांमध्ये आडवा दोर जमिनीपासून तीन फुटांवर बांधा. त्यावर ताडपत्री अशी टाका की 12 फुटांची बाजू दोराला समांतर येईल. दोन्हीकडे साडेचार फुटांचे उतार मिळतात आणि खाली जेमतेम साडेसहा फूट रुंदी उरते. जास्त उंच बांधायचा मोह होतो. मग रुंदी घटते आणि वारा आत शिरून ताडपत्री फडफडायला लागते.

कडेची रिंग फाटली तर घाबरू नका. लिंबाएवढा गुळगुळीत दगड कापडाच्या आतून धरा, बाहेरून त्याच्या गळ्याभोवती दोर आवळा. ही पकड रिंगपेक्षा दमदार असते.

ताण देणारी गाठ अशी: दोर खुंटीभोवती फिरवून परत आणा. ताणलेल्या दोराला, झालेल्या फाशाच्या आतून, खुंटीच्या दिशेने दोन वेढे घ्या. मग टोक फाशाच्या बाहेर काढून त्याच दिशेने आणखी एक वेढा घ्या आणि आवळा. ही गाठ हाताने सरकते, पण ताण आला की धरून राहते. ती हवीच, कारण नायलॉन भिजला की सैल पडतो. अर्ध्या तासाने सगळे दोर पुन्हा ताणावे लागतात. वेढे उलटसुलट पडले की गाठ घसरते. हाताला वळण लागेपर्यंत घरी खिडकीच्या गजावर बांधत राहा, शेवटी डोळे मिटून.

एक बारीकशी युक्ती बरेच जण विसरतात. झाडावरून ओघळणारं पाणी आडव्या दोरावरून थेट आत येतं. ताडपत्रीच्या कडेच्या थोडं बाहेर, दोन्ही टोकांना, दोराला वीतभर सुतळी लोंबती बांधा. पाणी तिथेच ठिबकून जातं.

किल्ल्यावर असाल तर चर खणू नका, तटबंदीत खुंट्या ठोकू नका. दोर मोठ्या दगडांना बांधा.

3. विस्तव

ठिणगीची कांडी चांगली वस्तू आहे, पण नवीन कांडीवरचा काळा थर खरवडल्याशिवाय ठिणगी पडत नाही, आणि लोक घासायची धातूची पाती पुढे ढकलून रचलेला काटक्यांचा ढीगच उडवतात. पाती स्थिर धरायची, कांडी मागे ओढायची. तरीही पहिली पसंती दोन साध्या लायटरनाच, वेगवेगळ्या झिपच्या पिशव्यांत. लाकडावर लाकूड घासून जुलैत आग पेटवायचा विचार सोडून द्या.

पेटवण मात्र घरीच करा. औषधाच्या दुकानातला सुती कापूस घ्या. कृत्रिम धाग्याचा नको, तो वितळतो. सुपारीएवढ्या बोळ्याला अर्धा चमचा व्हॅसलीन चोळा, पण सगळा बोळा माखू नका. कोरडे तंतू उरले नाहीत तर ठिणगी धरत नाही. पेटवताना तो विस्कटून घ्या. असा बोळा चार-पाच मिनिटं जळतो. कापूरही उत्तम, फक्त हवाबंद डबीत, नाहीतर गरज पडेल तेव्हा डबी रिकामी. सायकलच्या ट्यूबची बोटभर पट्टी ओल्यातही जळते, पण धूर घाण येतो. वर आग्या मोहोळ दिसत असेल तर धूर अजिबात नको. वाळलेल्या गवताच्या दिवसांत आगच नको, वणवा लागायला वेळ लागत नाही.

4. घेऊच नयेत अशा वस्तू

सापाचं विष शोषणारा पंप. विष बाहेर निघत नाही, जखम मात्र वाढते आणि दवाखान्यात पोचायला उशीर होतो. फुरसं असो वा घोणस, करायचं तेच: अंगठी-कडं काढा, काठीच्या आधाराने अवयव स्थिर ठेवा, आवळपट्टी नको, चिरा नको, माणसाला चालवू नका, 108 ला फोन करा.

बटणाचं होकायंत्र: दोन शेजारी ठेवून पाहा, दोन उत्तरं मिळतील. मोबाइलवर नकाशा आधीच उतरवून ठेवलेला बरा. पॅराकॉर्डच्या कड्यात जेमतेम तीन मीटर दोर असतो आणि तोही कधी नकली. टोक कापून बघा: आत सात वेगळ्या दोऱ्या हव्यात, नुसता पिंजलेला भुसा नको. चंदेरी ब्लँकेट चालेल, पण ते काट्याला लागलं की टराटरा फाटतं. जाड, मोठ्या कचऱ्याच्या दोन पिशव्या सोबत असू द्या. एकीच्या तळाला चेहऱ्याएवढं भोक पाडून ती डोक्यातून चढवली, दुसरीत पाय घातले की वारा आणि पाऊस दोन्ही अडतात. चेहरा कायम उघडाच राहिला पाहिजे.

5. तपासणी

मृगाच्या आधी एकदा सगळं बाहेर काढा. लायटर पेटवून बघा, गोळ्यांवरची आणि ओआरएसवरची तारीख वाचा, कापराची डबी हलवून बघा. ताडपत्री गच्चीवर भर पावसात एकदा तरी बांधा. हेडटॉर्च सॅकमध्ये दाबून चालू होतो, म्हणून सेल आणि पत्र्याच्या मध्ये कागदाचा कपटा घालून ठेवा.