किंमत पानावरच लिहावी, घरपोच खर्चासह

फराळ, मसाले किंवा साड्या ऑनलाइन विकणारे अनेक घरगुती व्यावसायिक पानावर "किंमत इनबॉक्समध्ये" एवढेच लिहितात. त्यामुळे दिवसभर एकाच प्रश्नाची उत्तरे द्यावी लागतात आणि विचारायला संकोचणारे ग्राहक तसेच निघून जातात.

फोटोखालच्या पहिल्याच ओळीत वजन आणि एकूण रक्कम लिहावी व लगेच तिची फोड द्यावी: "भाजणीची चकली, अर्धा किलो, नौपाडा-पाचपाखाडीत घरपोच एकूण ₹३४०, चकली ₹३००, डिलिव्हरी ₹४०." घोडबंदर रोड किंवा वाशीसाठी डिलिव्हरीचा दर वेगळा असल्यास तोही तिथेच असावा, कारण पैसे भरताना अचानक वाढलेली रक्कम ग्राहकाला फसवणूकच वाटते, आणि ते रास्तही आहे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० यांतही एकूण किंमत एकाच आकड्यात, फोडीसह दाखवण्यास सांगितले आहे.

मापानुसार शिवायच्या ब्लाउजसारख्या कामासाठी "₹६०० पासून" असे लिहावे. मात्र त्या रकमेत खरोखर शिवून मिळणारा एक नमुना शेजारी दाखवावा.

किंमत फोटोवर छापू नये, मजकुरातच ठेवावी. भाव बदलल्यावरही जुना फोटो व्हॉट्सॲपवर फिरत राहतो.