मळणीच्या दिवसांत डोळा दुखू लागल्यास कारण कसे ओळखावे

मळणी आणि उफणणीच्या दिवसांत डोळा दुखू लागला की ‘कचरा गेला असेल’ असे म्हणून तो चोळला जातो आणि काम पुढे चालू राहते. कारण ओळखायचे असेल, तर त्रास एका डोळ्याला आहे की दोन्ही, आणि डोळा खाजतो आहे की टोचतो आहे, हे आधी पाहावे. दोन्ही डोळे खाजून पाणी येत असेल, शिंकाही येत असतील, तर बहुधा धूळ, परागकण किंवा गाजरगवताची ॲलर्जी असते. डोळे स्वच्छ पाण्याने धुऊन धुळीपासून दूर राहिल्यावर ती उतरते.

एकाच डोळ्यात पापणी मिटताना दर वेळी टोचत असेल, तर कुसळ किंवा खडा वरच्या पापणीच्या आत अडकलेला असू शकतो आणि पापणी हलेल तसा तो बुबुळावर उभे ओरखडे काढत राहतो. धान्याचे तूस तर पालथ्या वाटीसारखे बुबुळाला चिकटते आणि घाईत पाहणाऱ्याला दिसतही नाही. धुऊन न निघालेला कण सुईने किंवा काडीने काढू नये.

पात्याचा किंवा काडीचा ओरखडा पहिल्या दिवशी किरकोळ वाटतो, पण त्यातून बुरशीचा संसर्ग होऊ शकतो. काही दिवसांनी दुखणे वाढले, उजेड सहन होईना किंवा बुबुळावर पांढरट ठिपका दिसला, तर नेत्रतज्ज्ञांकडे लगेच जावे. घरात उरलेले थेंब घालण्याची सवय इथे फार महागात पडते, कारण त्यांत स्टिरॉइड असल्यास बुरशी अधिकच फोफावते.

फवारणीचे द्रावण किंवा चुना उडाल्यास निदान करत बसू नये; पापण्या उघड्या धरून किमान १५ ते २० मिनिटे वाहत्या पाण्याने डोळा धुवावा आणि मगच दवाखाना गाठावा. फवारणीनंतर अंधुक दिसून बाहुल्या बारीक झाल्या असतील, सोबत मळमळ किंवा घाम असेल, तर ती विषबाधा समजावी आणि औषधाच्या डब्यावरचे लेबल डॉक्टरांना दाखवावे.

बांधावरची रुई तोडताना चीक डोळ्यात गेल्यास मात्र फारसे दुखतही नाही, नजर तेवढी धुरकट होते. अशा वेळी डोळा भरपूर धुऊन त्याच दिवशी तपासून घ्यावा.