उभ्या गाडीला कोणी ठोकलं, तर विम्याचा क्लेम कसा करावा

उभ्या गाडीच्या क्लेममध्ये चूक कोणाची यावर सहसा वाद होत नाही. क्लेम अडतो तो दोन कारणांनी. धडक कधी आणि कशाने बसली हे दाखवता येत नाही, किंवा बंपरच्या आतलं नुकसान पहिल्या पाहणीत नोंदवायचं राहून जातं.

गाडी लगेच हलवू नका. रस्ता अडत असेल तर निदान फोटो तरी आधी काढून घ्या. पहिले फोटो आठ-दहा पावलांवरून, चारही बाजूंनी काढा. त्यांत नंबरप्लेट, रस्त्यावरचे पट्टे आणि आजूबाजूची ओळखीची खूण दिसली पाहिजे, कारण गाडी नीट उभी होती याचा तोच पुरावा. मग जवळून काढा. ओरखड्याशेजारी मोजपट्टी जमिनीपासून सरळ उभी धरून एक फोटो नक्की घ्या. ओरखड्याची उंची समोरच्या गाडीच्या बंपरशी जुळते का, हे त्यावरून पडताळता येतं. दुसऱ्या गाडीचा रंग तुमच्या गाडीला लागला असेल तर तो पुसू नका. खाली पडलेले दिव्याचे किंवा प्लॅस्टिकचे तुकडे कागदी पाकिटात ठेवा. त्यांवर बऱ्याचदा कंपनीची खूण किंवा पार्ट नंबर कोरलेला असतो, आणि पळून गेलेल्या गाडीचं मॉडेल त्यावरून शोधता येतं. मूळ फोटो फोनमध्ये जपून ठेवा. चॅटवर पाठवलेल्या फोटोंचा आकार कमी होतो आणि तारीख-वेळेची माहितीही बहुधा गळून पडते.

सीसीटीव्हीच्या बाबतीत त्याच दिवशी हालचाल करा. बहुतेक यंत्रणा जुन्या चित्रीकरणावर नवं चित्रीकरण चढवत जातात. काही ठिकाणी थोड्याच दिवसांत जुनं पुसलं जातं. कॅमेऱ्याचा मालक प्रत द्यायला तयार नसेल, तर तेवढा भाग जपून ठेवण्याची लेखी विनंती करा. पोलीस किंवा विमा कंपनी तो नंतर मागवू शकते. कॅमेऱ्याचं घड्याळ किती मिनिटं पुढे-मागे आहे तेही टिपून ठेवा. गाडी कधी लावली आणि धडक कधी लक्षात आली, या दोन वेळा लिहून काढा आणि पार्किंगची पावती सांभाळा.

धडक देणारा सापडला तर त्याचा गाडी नंबर, विमा पॉलिसीचा नंबर आणि संपर्क घ्या. तो पळून गेला असेल किंवा कोणाला लागलं असेल, तर पोलिसांत नोंद करा. तो जागेवरच रोख देऊ करत असेल, तर आतलं नुकसान कळेपर्यंत ‘हिशेब मिटला’ अशा कागदावर सही करू नका. तुमची विमा कंपनी तुम्हाला पैसे देऊन नंतर ते त्याच्याकडून वसूल करू शकते. तुम्ही परस्पर हक्क सोडलात तर तिची वसुली बुडते, आणि त्याच कारणाने तुमचा क्लेमही नाकारला जाऊ शकतो.

मार्ग दोन आहेत: समोरच्याच्या विम्यावर दावा, किंवा स्वतःच्या पॉलिसीवर. पहिल्यात तुमचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत, बहुधा शाबूत राहतो, पण वेळ जास्त लागू शकतो. दुसऱ्यासाठी पॉलिसीत स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं संरक्षण हवं. फक्त थर्ड पार्टी विमा (तुमच्या गाडीमुळे इतरांचं झालेलं नुकसान भरणारा) असेल आणि ठोकणारा सापडत नसेल, तर स्वतःच्या विम्यातून काही मिळत नाही. एकाच नुकसानीचे पैसे दोन्हीकडून घेता येत नाहीत.

स्वतःच्या पॉलिसीवर जाण्याआधी हिशेब करा. समजा दुरुस्तीचा खर्च १०० आहे. त्यातले १५ तुम्ही भरायची ठरलेली रक्कम म्हणून जातात, सुट्या भागांच्या घसाऱ्यापोटी, म्हणजे भाग जुने झाल्यामुळे घटलेल्या किमतीपोटी, २० कापले जातात. हातात येतात ६५. पुढच्या काही वर्षांत बुडणारी नो क्लेम बोनसची सवलत ७० असेल, तर खिशातून दुरुस्ती केलेली परवडते. मात्र क्लेम करायचा नसला तरी कंपनीला कळवणं बंधनकारक आहे का, हे पॉलिसीत वाचा.

कळवताना घडलं तेवढंच लिहा: ‘गाडी उभी होती, इंजिन बंद होतं, आत कोणी नव्हतं, अमुक वाजता पाहिलं तेव्हा मागचा डावा कोपरा चेपलेला होता.’ वेग किंवा कोन यांचे अंदाज बांधू नका. जुने पोचे याच क्लेममध्ये घुसवू नका. गंज, साचलेली धूळ आणि ओरखड्याची दिशा सर्व्हेअरला, म्हणजे नुकसानीची पाहणी करणाऱ्याला, लगेच दिसते, आणि मग खऱ्या नुकसानीवरही संशय येतो.

खरी गफलत गॅरेजमध्ये होते. प्लॅस्टिकचा बंपर धडकेनंतर बऱ्याचदा परत मूळ आकारात येतो, त्यामुळे बाहेर ओरखडा आणि आत आडवा लोखंडी बार वाकलेला, क्लिपा तुटलेल्या, असं होतं. म्हणून बंपर उतरवून पाहणी व्हावी असा आग्रह धरा. डिकीच्या तळाला सुरकुती, सीलंटला भेग, डाव्या-उजव्या फटींत फरक ही पत्रा आतून सरकल्याची चिन्हं आहेत. चाकाला मार असेल तर अलाइनमेंट आणि बेअरिंग तपासा. गाडी गिअरमध्ये किंवा ऑटोमॅटिकच्या ‘पी’मध्ये उभी असताना ढकलली गेली असेल तर तेही सांगा, कारण तो झटका गिअरबॉक्सपर्यंत जातो. पुढे भिंत किंवा दुसरी गाडी असेल, तर न ठोकलेलं टोकही पाहा. बंपरच्या कोपऱ्यात रडार असेल, तर त्यासमोर जाड पुट्टी चालत नाही. बसवल्यावर कॅलिब्रेशन, म्हणजे रडार पुन्हा अचूक जुळवणं, लागतं का ते विचारा आणि तो खर्च अंदाजपत्रकात वेगळा लिहून घ्या.

उघडल्यावर नवीन नुकसान दिसलं, तर काम थांबवून फोटो काढायचे, पुरवणी अंदाजपत्रक पाठवायचं आणि मंजुरीनंतरच नवा भाग बसवायचा. आधी बसवून मग बिल पाठवलं तर ती रक्कम कापली जाऊ शकते. काढलेले भाग पाहणी होईपर्यंत फेकू देऊ नका.

कंपनीने रक्कम कापली किंवा नकार दिला, तर पॉलिसीतलं नेमकं कलम लेखी मागा आणि उत्तर त्या कलमापुरतंच, फोटो जोडून द्या.

गाडी ताब्यात घेताना ती दिवसाउजेडी पाहा. रंग तिरक्या नजरेने शेजारच्या पत्र्याशी जुळतो का बघा, पार्किंग सेन्सर चालवून बघा, डिकीच्या रबरावर पाणी मारून आत ओल येते का तपासा. समाधानपत्रावर सही त्यानंतरच करा.